थांबायचं किती? तवा, मोल्डिंग मशीन आणि तापमान नियंत्रणाचा एक पाठ



आजचा पाठ कारखान्यातल्या तापमान नियंत्रणाचा आहे. "प्राथमिकच्या वर्गात हे कशाला?" असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं असतं. पण सातवीत उष्णतेचा पाठ चालू असताना एका मुलीने प्रश्न विचारला, "मॅडम, माझे पप्पा मशीनचं टेम्परेचर २१० ला लावतात, तरी ते २१० वर थांबत का नाही? सारखं खालीवर होतं."

मी पटकन उत्तर दिलं, "मग थोडं जास्त लावायचं, म्हणजे लवकर पोचेल." वर्ग पुढे सरकला. दोन दिवसांनी ते पालक मुलीला सोडायला शाळेत आले तेव्हा हसत म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगितलंत तेच तर मी रोज करतोय. आणि त्यानेच वाट लागतेय."

माझं उत्तर चुकलं होतं. ते का चुकलं हे समजून घेताना मला जे कळलं, ते या लेखात मांडते आहे. यात गणित आहे, विज्ञान आहे, आलेख आहे आणि वर्गात करता येईल असा एक खेळही आहे.

नेमकी अडचण काय होती?

हे पालक जवळच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात प्लास्टिक मोल्डिंग मशीनवर ऑपरेटर आहेत. डब्यांची झाकणं काढतात. पॉलिप्रॉपिलीनचा दाणा मशीनमध्ये वितळतो, दाबाने साच्यात जातो आणि झाकण बाहेर पडतं. प्लास्टिक कमी तापलं तर ते घट्ट राहतं, साचा पूर्ण भरत नाही, झाकण अर्धवट निघतं. जास्त तापलं तर ते फार पातळ होतं, साच्याच्या फटीतून बाहेर येऊन कडेला पापुद्रा धरतो, कधी तपकिरी डाग पडतात.

नाइट शिफ्टला असा खराब माल जास्त निघत होता आणि रजिस्टरमध्ये तो ऑपरेटरच्या नावापुढे लिहिला जात होता. म्हणजे मुलीचा प्रश्न नुसता कुतूहलाचा नव्हता. घरात त्याच विषयावर बोलणं होत असणार, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

आधी तवा बघू

मशीनकडे जाण्याआधी आपल्या स्वयंपाकघरात जाऊ. जाड लोखंडी तवा गॅसवर ठेवला. पहिली पोळी टाकली, ती कच्ची राहिली. म्हणून गॅस मोठा केला. दुसरी बरी झाली. तिसरी करपली. मग गॅस एकदम बारीक केला, तर पाचवी पुन्हा पांढरी!

नवशिक्या माणसाचं असंच होतं. गॅस मोठा केल्याचा परिणाम तव्याच्या वरच्या बाजूला लगेच दिसत नाही. उष्णता आधी लोखंडात शिरते, मग वर येते. त्या वेळात आपल्याला वाटतं की काहीच झालं नाही, म्हणून आपण गॅस आणखी वाढवतो. प्रत्यक्षात आधीची उष्णता वाटेत असतेच. ती पोचते तेव्हा आपली नंतरची वाढही तिच्या मागोमाग येते.

हात बसलेली बाई काय करते? पोळी करपायच्या आधीच गॅस कमी करते. तवा "आत्ता किती तापलाय" एवढंच ती बघत नाही, तो "किती वेगाने तापत चाललाय" हेही तिला कळतं. आणि गॅस फिरवला की ती थोडी थांबते.

हा जो मधला उशीर आहे, तोच आजच्या पाठाचा गाभा आहे. तापमान सांभाळणं म्हणजे हा उशीर ओळखून वागणं.

मशीनमध्ये काय असतं?

मोल्डिंग मशीनचा बॅरल म्हणजे जाड पोलादी नळा. त्याच्याभोवती बाहेरून हीटरचे पट्टे आवळलेले असतात. पोलादात एक भोक असतं, त्यात थर्मोकपल बसवलेला असतो. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा जोड. तापमान बदललं की त्यातून मिळणारा सूक्ष्म विद्युत दाब बदलतो आणि त्यावरून तापमान कळतं.

हे मोजमाप कंट्रोलर नावाच्या छोट्या डब्याकडे जातं. त्याच्यावर दोन आकडे दिसतात. एक आत्ताचं तापमान, दुसरं आपण लावलेलं तापमान, ज्याला सेटपॉइंट म्हणतात. कंट्रोलर दोन्हींतला फरक बघतो आणि हीटर किती चालवायचा ते ठरवतो. हीटर तापतो, पोलाद तापतं, थर्मोकपल नवा आकडा पाठवतो, पुन्हा फरक, पुन्हा निर्णय. हे चक्र अखंड चालू असतं, म्हणून याला कंट्रोल लूप म्हणतात.

आता माझ्या चुकीच्या उत्तराकडे या. बॅरल ३० अंशांवर थंड असताना सेटपॉइंट २१० लावा किंवा २५० लावा, हीटर दोन्ही वेळी पूर्ण ताकदीनेच चालणार. जास्त लावल्याने तो लवकर तापत नाही, फक्त पुढे निघून जातो. घरातला साधा गीझर किंवा इस्त्रीचंही तसंच आहे. चकती शेवटपर्यंत फिरवली म्हणून पाणी लवकर गरम होत नाही. पुढच्या तासाला मी वर्गात उभं राहून सांगितलं, "परवा मी चुकीचं सांगितलं होतं." मुलांना फार आनंद झाला!

व्हिडिओवरून आलेख

पालकांनी सुपरवायझरची परवानगी काढून कंट्रोलरचे दोन व्हिडिओ मोबाईलवर घेतले. पहिल्यात ते नेहमीसारखे काम करत होते. दुसऱ्यात त्यांनी दहा मिनिटं कंट्रोलरला हात लावायचा नाही असं ठरलं होतं.

वर्गात आम्ही दर २० सेकंदांनी व्हिडिओ थांबवून आकडा वहीत लिहिला. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर तापमान.

पहिल्या आलेखात तापमान १९६ पासून २२२ पर्यंत हेलकावत होतं. आकडा खाली दिसला की सेटपॉइंट वर, वर दिसला की खाली, असं पालकांनी पाच वेळा केलं होतं. आम्ही त्या पाचही जागी लाल खूण केली. प्रत्येक खुणेनंतर रेषा आधी जुन्याच दिशेने जात राहिली आणि मग उलट बाजूला जोरात गेली. नवशिक्याच्या हातातला तवा अगदी तसाच!

दुसऱ्या आलेखात हेलकावे लहान होते, २०३ ते २११. पण ते थांबत नव्हते. एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंत प्रत्येक वेळी ८ ठिपके. ८ गुणिले २० म्हणजे १६० सेकंद. लाट कमी होत नव्हती, वाढतही नव्हती. आणखी एक गोष्ट एका मुलाने पकडली, "मॅडम, लाटेचा मध्य २१० नाही, २०७ आहे."

बघा, आलेखाने कोणाची बाजू घेतली नाही. मोठे हेलकावे ऑपरेटरच्या हाताने येत होते, हे पहिल्या आलेखाने दाखवलं. पण हात काढला तरी मशीन स्वतःहून हलत होतं, हे दुसऱ्याने दाखवलं. म्हणजे माणसाचीही चूक होती आणि कंट्रोलरचीही.

वर्गातला खेळ: जुन्या चिठ्ठीवर चालणारा कंट्रोलर

उशिरामुळे हेलकावे का येतात हे मुलांना हाताने कळावं म्हणून हा खेळ घेतला. गरम वस्तू लागत नाही, खर्च नाही.

१. फळ्यावर ० ते ३० ची संख्यारेषा काढा. १६ वर गोल करा, तो सेटपॉइंट.

२. एक मूल "तापमान". ते शून्यावर उभं. एक मूल "कंट्रोलर", त्याची फळ्याकडे पाठ. मध्ये दोन मुलं निरोप्ये, दोघांच्या हातात सुरुवातीला "०" लिहिलेली चिठ्ठी.

३. प्रत्येक फेरीत "तापमान" आपला आत्ताचा आकडा चिठ्ठीवर लिहून पहिल्या निरोप्याला देतं. पहिला आपली जुनी चिठ्ठी दुसऱ्याला देतो, दुसरा आपली जुनी कंट्रोलरला. म्हणजे कंट्रोलरला नेहमी दोन फेऱ्या जुना आकडा मिळतो.

४. कंट्रोलरचा नियम: १६ मधून चिठ्ठीवरचा आकडा वजा कर, त्याच्या निम्म्याने पुढे सरकायला सांग. उत्तर ऋण आलं तर मागे.

आधी निरोप्यांशिवाय खेळा. ०, ८, १२, १४, १५ असं मूल छान १६ जवळ जाऊन थांबतं.

आता निरोप्यांसह खेळा. पहिल्या तीन फेऱ्यांत कंट्रोलरच्या हाती शून्याचीच चिठ्ठी येते, म्हणून तो ८ पुढे, ८ पुढे, ८ पुढे असंच सांगतो. आकडे असे येतात: ०, ८, १६, २४, २८, २८, २४, १८, १२, ८, ७, ९, १३... सोळावर पोचायचं होतं, मूल २८ वर गेलं आणि मग ७ पर्यंत मागे आलं! नियम तोच, मुलंही तीच. फक्त निरोप उशिरा आला.

शेवटी नियम बदला. निम्म्याऐवजी फरकाचा चौथा भाग. आता ०, ४, ८, १२, १५, १७, १८, १८¼, १८, १७½ असं येतं आणि मग मूल हळूहळू १६ कडे परततं. उशीर तेवढाच आहे, पण कंट्रोलर बेताने बोलतो म्हणून हेलकावा लहान झाला.

नियमातला हा "किती पट" बदलून बघणं म्हणजेच ट्यूनिंग. मुलांनी तो शब्द न ऐकताच ते केलं.

कंट्रोलरचे तीन स्वभाव: पी, आय आणि डी

कारखान्यातल्या बहुतेक तापमान कंट्रोलरवर पी.आय.डी. असं लिहिलेलं असतं. ही तीन अक्षरं म्हणजे निर्णय घेण्याच्या तीन पद्धती आहेत.

*पी म्हणजे प्रपोर्शनल, फरकाच्या प्रमाणात.* समजा सेटपॉइंट २१० आहे आणि पट्टा २० अंशांचा आहे. या पट्ट्याला प्रपोर्शनल बँड म्हणतात. १९० आणि त्याखाली हीटर १०० टक्के, २०० वर ५० टक्के, २१० वर शून्य. हीटर मंद होत नाही, तो चालू-बंदच होतो. २० सेकंदांच्या चक्रात २५ टक्के म्हणजे ५ सेकंद चालू, १५ सेकंद बंद.

पण यात एक गोम आहे. बॅरलला २१० वर टिकायला सतत थोडी उष्णता लागते, कारण तो हवेत उष्णता सोडत असतो आणि थंड दाणाही आत येत असतो. समजा ती गरज २५ टक्के आहे. नुसत्या पी ने २१० वर हीटर शून्य होतो, मग २५ टक्के कुठून मिळणार? म्हणून तापमान पट्ट्यात तिथे थांबतं जिथे २५ टक्के मिळतात. २० चे २५ टक्के ५, म्हणजे २०५ वर. मुलाने पकडलेली २०७ ची भानगड हीच होती. त्या मशीनचा पट्टा १२ अंशांचा होता. १२ चे २५ टक्के ३, म्हणजे २०७.

*आय म्हणजे इंटिग्रल, साचलेल्या फरकाचा हिशेब.* ५ अंशांचा फरक बराच वेळ तसाच राहिला, तर आय तो साठवत जातो आणि हीटर हळूहळू वाढवतो, फरक मिटेपर्यंत. आय चा वेळ ८० सेकंद असेल तर याचा अर्थ असा की, फरक तसाच राहिला तर ८० सेकंदांत आय स्वतःच्या बळावर पी एवढीच आणखी उष्णता जोडेल. हा वेळ फार कमी ठेवला तर आय उतावळा होतो आणि हेलकावे वाढतात. थंड मशीन तापताना फरक खूप वेळ मोठा असतो, तेव्हा आय भरमसाट साठवून बसतो आणि मग तापमान सेटपॉइंटच्या पुढे जातं. म्हणून चांगल्या कंट्रोलरमध्ये हा साठा रोखायची सोय असते.

*डी म्हणजे डेरिव्हेटिव्ह, वेगाकडे लक्ष.* हीच आपली अनुभवी बाई! तापमान सेकंदाला ०.१ अंशाने वाढतंय आणि डी चा वेळ २० सेकंद आहे, तर डी म्हणतो, "२० सेकंदांनी हे २ अंश वर असणार, आत्ताच हात आखडता घे." पण थर्मोकपलचा आकडा विनाकारण थरथरत असेल तर डी त्या थरथरीलाही वेग समजतो. म्हणून तो बेतानेच ठेवावा लागतो.

ही कल्पना आली कुठून?

१६२० च्या सुमारास कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने इंग्लंडमध्ये राहत असताना स्वतःचं तापमान स्वतः राखणारी भट्टी बनवली होती आणि तीच कल्पना अंडी उबवायच्या पेटीसाठी वापरली होती. १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्की यांनी जहाज आपोआप दिशेवर ठेवण्याच्या अभ्यासात तीन भागांच्या नियंत्रणाचं गणित मांडलं. सुकाणू धरणारा खलाशी काय करतो हे त्यांनी बघितलं होतं. तो फक्त आत्ताची चूक बघत नाही, जहाज किती वेगाने वळतंय तेही बघतो. म्हणजे खलाशी आणि पोळ्या करणारी बाई, दोघांची अक्कल एकच!

१९४२ मध्ये अमेरिकेतल्या टेलर इन्स्ट्रुमेंट कंपनीतले जे. जी. झीग्लर आणि एन. बी. निकोल्स यांनी हे तीन आकडे प्रत्यक्ष यंत्रावरून कसे काढायचे याची सोपी रीत प्रसिद्ध केली. ती आजही शिकवली जाते.

आकडे कसे काढतात?

त्यांची एक रीत अशी. आय आणि डी बंद करायचे. पट्टा हळूहळू अरुंद करत जायचं, म्हणजे कंट्रोलर जास्त जास्त आक्रमक होतो. एका ठिकाणी लाट अशी येते की ती मरतही नाही आणि वाढतही नाही. तिथे दोन गोष्टी टिपायच्या: पट्टा किती आणि एका लाटेला वेळ किती.

तुमच्या लक्षात आलंच असेल. आमचा दुसरा आलेख नेमका तोच होता, न ठरवता मिळालेला. पालक आलेखाचा कागद घेऊन कारखान्यातल्या मेंटेनन्सच्या माणसाकडे गेले. त्यांनी कंट्रोलर उघडून पाहिला. मागे कधीतरी तो बदलला होता आणि नव्यात आय आणि डी दोन्ही शून्यावर राहिले होते.

मग हिशेब सातवीच्या मुलांना जमेल असाच आहे:

- मिळालेला पट्टा १२ अंश. नवा पट्टा = १२ भागिले ०.६ = २० अंश.
- लाटेचा वेळ १६० सेकंद. आय = त्याचा निम्मा = ८० सेकंद.
- डी = त्याचा आठवा भाग = २० सेकंद.

या आकड्यांनी यंत्र चपळ वागतं, पण सुरुवातीला थोडं पुढे जाऊन परत येतं. बॅरलला तापवायला हीटर आहे, पण थंड करायला बहुतेक ठिकाणी हवेशिवाय काही नाही. एकदा पुढे गेलेलं तापमान खाली यायला वेळ घेतं. म्हणून मेंटेनन्सवाल्यांनी पट्टा थोडा रुंद करून २५ केला. त्यानंतरच्या व्हिडिओत तापमान एकदा २१३ ला गेलं आणि पुढे २०९ ते २११ मध्येच राहिलं. तो आलेख काढताना वर्गात कुरकुर झाली, कारण सरळ रेषा काढायला मजा येत नाही!

आजकालच्या कंट्रोलरमध्ये ऑटोट्यून असतं. ते स्वतः हीटर पूर्ण चालू, पूर्ण बंद करून लाट निर्माण करतं, ती मोजतं आणि आकडे भरतं. सोय चांगली आहे, पण मशीन जशा स्थितीत रोज चालतं तशाच स्थितीत ते करावं. शेजारचे हीटर थंड असताना काढलेले आकडे कामाच्या वेळी लागू पडतीलच असं नाही. आणि ऑटोट्यून चालू असताना तापमान सेटपॉइंटच्या वर जाणारच हे धरून, जवळ उभं राहूनच ते करावं. पीव्हीसीसारखं प्लास्टिक जास्त तापलं तर विघटन होऊन त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो.

थंड करताना काय वेगळं?

तत्त्व तेच, दिशा उलटी. तापमान वाढलं की यंत्र जोरात चालायला हवं. कंट्रोलरमध्ये "तापवणे" की "थंड करणे" ही निवड चुकली तर तो नेमकं उलटं करत राहतो.

गावच्या दूध संकलन केंद्रातला बल्क कूलर मुलांनी पाहिलेला असतो. दूध साधारण ४ अंशांपर्यंत थंड करून तिथेच ठेवायचं असतं. इथे कॉम्प्रेसर दर काही सेकंदांनी चालू-बंद करून चालत नाही. बंद झाल्यावर आतल्या वायूचा दाब दोन्ही बाजूंनी सारखा व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधी चालू केला तर मोटारीवर ताण येतो. वीज गेली आणि लगेच आली तर फ्रिज थोडा वेळ थांबून लावा असं घरातले सांगतात, ते यामुळेच.

म्हणून इथे साधी चालू-बंद पद्धत वापरतात, पण मध्ये अंतर ठेवून. उदाहरणार्थ ५ अंशांना चालू, ४ ला बंद. अंतर फार कमी केलं तर कॉम्प्रेसर झिजतो, फार वाढवलं तर दूध गरम राहतं. हे अंतर ठरवणं हेही ट्यूनिंगच. प्रत्येक ठिकाणी पी.आय.डी. हवंच असं नाही.

आकड्यांना हात लावण्याआधी

मेंटेनन्सवाल्यांनी पालकांना जे सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटलं. ट्यूनिंग शेवटी करायचं. आधी बघायचं:

- थर्मोकपल भोकात घट्ट बसलाय का? तो बाहेर सरकला तर कमी तापमान सांगतो, आणि कंट्रोलर प्रामाणिकपणे हीटर चालवतच राहतो.
- हीटरचा एखादा पट्टा जळालाय किंवा सैल झालाय का?
- रिले चिकटून तर बसलेला नाही? तसं असेल तर कंट्रोलरने बंद म्हटलं तरी हीटर चालूच राहतो. म्हणून जास्त तापमानाला वीज तोडणारी वेगळी सुरक्षा हवीच.
- एका वेळी एकच आकडा बदलायचा, लिहून ठेवायचा आणि निदान दोन-तीन लाटांएवढा वेळ थांबायचं.

शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड. आमच्या मशीनची लाट १६० सेकंदांची, म्हणजे पाच ते आठ मिनिटं नुसतं बघत उभं राहायचं. पालक म्हणाले, "मॅडम, हात खिशात घालून उभं राहिलं की सुपरवायझरला वाटतं हा काम करत नाही." आता त्यांनी मशीनजवळ एक छोटी वही ठेवली आहे. आकडा बदलला की वेळ लिहितात. त्या वहीमुळे थांबणं हेही काम आहे हे दिसायला लागलं. खराब माल अजूनही कधी निघतो, पण कशाने निघाला हे आता सांगता येतं आणि सगळा त्यांच्या नावावर जात नाही.

शिक्षक आणि पालकांसाठी

मुलं म्हणजे मशीन नव्हेत, आणि त्यांना सेटपॉइंटही लावायचा नसतो. पण आपण मोठी माणसं त्या ऑपरेटरसारखं कितीदा वागतो ते बघा. चाचणीत गुण कमी आले की शिकवणी लावली, पंधरा दिवसांत फरक दिसला नाही की दुसरी लावली, मग खेळ बंद केला. कोणत्या गोष्टीचा काय परिणाम झाला हे कळायच्या आधीच आपण पुढचं बटण दाबतो. मी स्वतः वाचनाचा एक उपक्रम तीन आठवड्यांत सोडून दिला होता. आता तो पुन्हा सुरू केलाय, आणि सुरुवातीची तारीख व पुन्हा बघायची तारीख दोन्ही वहीत लिहून ठेवल्या आहेत.

वर्गासाठी स्वाध्याय

१. खेळात दोनऐवजी एकच निरोप्या ठेवा. "निम्मा" नियमाने मूल सर्वांत पुढे कोणत्या आकड्यापर्यंत जातं?

२. पट्टा ३० अंश, सेटपॉइंट २१०, उष्णतेची गरज २० टक्के. नुसत्या पी ने तापमान कुठे थांबेल? (उत्तर: ३० चे २० टक्के ६, म्हणून २०४.)

३. घरात मोठ्यांसोबत फ्रिजचा आवाज ऐका. तो किती मिनिटं चालतो, किती मिनिटं बंद राहतो? तासाभराची नोंद करून आलेख काढा. फ्रिजला हात लावायचा नाही, फक्त ऐकायचं.

तुमच्या वर्गातही कोणाचे आई-वडील बॉयलरवर, बेकरीच्या भट्टीवर, शीतगृहात किंवा डेअरीत काम करत असतील. त्यांना एकदा वर्गात बोलवा. आपल्यापेक्षा त्यांना हा विषय जास्त कळतो, आणि आपल्या मुलांसमोर ते सांगताना त्यांना होणारा आनंद वेगळाच असतो. खेळ घेतलात तर काय अनुभव आला ते नक्की कळवा.